पावसाळ्यात प्रथिनांचं सिम्युलेशन चालवताय? चेकपॉइंट सांभाळा

फोंडा असो वा डिचोली, गोव्यात जून-जुलैत करंट कधी जाईल याचा नेम नसतो. घरच्या किंवा लॅबच्या संगणकावर ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये रेणूंचं सिम्युलेशन, म्हणजे त्यांच्या हालचालींची संगणकावरची नक्कल, लावणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच एवढं कराच.

पाण्यातल्या प्रथिनाची घडी कशी बदलते हे पाहायला वेळेची पावलं फार छोटी टाकावी लागतात. एक पाऊल साधारण 2 फेम्टोसेकंदांचं (नॅनोसेकंदाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद), म्हणजे 100 नॅनोसेकंदांसाठी 5 कोटी पावलं! इतकं काम पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ कुणावरही येऊ नये.

ग्रोमॅक्स दर 15 मिनिटांनी चेकपॉइंट फाइल, म्हणजे काम कुठवर आलं याची नोंद, लिहितो. तिच्यात सगळ्या अणूंची स्थानं आणि वेग असतात. पावसाळ्यात सिम्युलेशन चालवणाऱ्या एमडीरन या आज्ञेत 'सीपीटी' (-cpt) पर्याय देऊन हे अंतर 5 मिनिटांवर आणा. वीज आली की 'सीपीआय' (-cpi) पर्यायाने तीच फाइल द्या. काम थांबल्या जागेवरून पुढे सरकतं. ताजी फाइल खराब निघाली तर नावात 'प्रीव्ह' असलेली आधीची वापरा. मधल्या काळात लॉग किंवा ट्रॅजेक्टरी (रेणूंच्या हालचालींची नोंद) फाइलला अजिबात हात लावू नका, नाव बदलू नका, नाहीतर नवी माहिती जुन्या फाइलला जोडली जात नाही.

आणखी एक, आरएमएसडीच्या (रचना मूळ रचनेपासून किती सरकली याच्या मापाच्या) आलेखात अचानक उडी दिसली तर लगेच रचना बदलली असं मानू नका. बरेचदा रेणू फक्त सिम्युलेशनच्या काल्पनिक पेटीच्या सीमेपलीकडे गेलेला असतो. आधी ट्रॅजेक्टरीतली ती सीमेची तुटफूट दुरुस्त करा, मगच आलेख काढा.