जत्रेच्या नाटकासाठी जाळीचा टोप

गोव्यातील जत्रोत्सवांच्या नाटकांत रंगमंच प्रेक्षकांच्या अगदी जवळ असल्याने कपाळावरची केसांची रेषा खोटी असेल तर ती लगेच उघडी पडते. म्हणून केसांचा टोप (विग) हाताने गाठी मारून तयार करावा. नटाच्या डोक्याच्या मापाच्या ठोकळ्यावर कातडीच्या रंगाची बारीक जाळी ताणून टाचण्यांनी बसवावी आणि कपाळापुढे थोडी जादा सोडावी. सर्व केसांची मुळे एकाच बाजूस ठेवावीत, अन्यथा गुंता अटळ आहे. मुळाजवळ केस दुमडून, बारीक आकडी जाळीच्या एका धाग्याखालून घालून दुमड ओढून घ्यावी, मग केसांची सैल टोके आकडीभोवती गुंडाळून त्याच फासातून पूर्ण बाहेर काढावीत व गाठ घट्ट करावी. मानेकडून पुढे येत मागे तीन-चार केसांची, तर कपाळाच्या कडेला एकेकाच केसाची गाठ मारावी. ही कड मुद्दाम वेडीवाकडी ठेवावी. पट्टीने आखल्यासारखी रेषा कुणाच्याच कपाळावर नसते. गाठकामाला दिवस जातात, घाई करणाऱ्याने भाड्याचा टोप घेतलेला बरा. जादा जाळी शेवटी, टोप नटाच्या डोक्यावर बसवून पाहिल्यावरच कापावी. दमट हवेत घामाने टोप चिकटवण्याचा डिंक सुटतो, त्यामुळे चिकटवण्यापूर्वी कपाळ पुसून पूर्ण कोरडे करावे.