धूमकेतू अचानक उजळला तर: फोटो कसे काढावेत आणि त्यांतून काय वाचावे

ऑक्टोबर २००७ मध्ये १७पी/होम्स हा धूमकेतू दोन दिवसांच्या आत सतराव्या प्रतीवरून तिसऱ्या प्रतीच्याही पुढे गेला. (प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान तितका उजेड जास्त.) जवळजवळ पाच लाख पट उजेड! ययाती तारकासमूहात नुसत्या डोळ्यांनी एक जास्तीचा तारा दिसू लागला. तो सूर्याजवळ येत होता म्हणून उजळला, असेही नव्हते. मे महिन्यातच त्याचा उपसूर्यबिंदू, म्हणजे कक्षेतली सूर्याच्या सर्वात जवळची जागा, होऊन गेली होती आणि तो सूर्यापासून दूर चालला होता. धूमकेतूच्या अशा अचानक उजळण्याला उद्रेक म्हणतात. तो टिपायला मोठी वेधशाळा लागत नाही. पण एका सुंदर फोटोपेक्षा एकाच पद्धतीने काढलेले दोन रात्रींचे साधे फोटो कितीतरी जास्त सांगतात. पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

उद्रेकाच्या आधीपासून सुरुवात करा

शांत असतानाचा फोटो नसेल, तर उजळल्यावर तुलना कशाशी करणार? म्हणून एखादा धूमकेतू ठरवून घ्या आणि निरभ्र रात्री त्याचा फोटो काढत राहा. मध्यम दुर्बीण असेल तर २९पी/श्वासमान-वाखमान घ्यावा असे मी सुचवेन. तो गुरूच्या कक्षेच्या थोडा पलीकडे, सूर्यापासून सुमारे सहा खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर) फिरतो आणि वर्षातून अनेकदा भडकतो. त्याची त्या रात्रीची जागा मायनर प्लॅनेट सेंटरच्या किंवा जेपीएल होरायझन्सच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यावरून काढा.

फोटो काढताना

लाइव्ह व्ह्यूमध्ये एक ठळक तारा दहापट मोठा करून फोकस हातानेच जुळवा. रॉ फॉरमॅट ठेवा, आयएसओ १६०० च्या आसपास. साध्या ट्रायपॉडवर ५०० ला लेन्सच्या फोकल लांबीने भागा, तेवढे सेकंद एक्सपोजर. ८५ मिलिमीटरला साधारण सहा सेकंद. आकाशाबरोबर फिरणारे माउंट असेल तर ३० ते ६० सेकंदांचे बरेच फोटो घ्या. शेवटी लेन्सवर झाकण ठेवून तितक्याच एक्सपोजरचे काळे फोटो, म्हणजे डार्क फ्रेम, घ्या; कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष त्यांवरून वजा करता येतात.

मध्यभाग जळून पांढरा होऊ देऊ नका. उद्रेकानंतरच्या पहिल्या तासांत सगळा उजेड त्या ताऱ्यासारख्या बिंदूत साठलेला असतो. तो एकदा जळाला की मोजमाप संपलेच. त्यामुळे काही फोटो मुद्दाम कमी एक्सपोजरचे घ्या.

कॅमेऱ्याचे घड्याळ त्या रात्री इंटरनेटवरून जुळवा आणि नोंदी जागतिक वेळेत, म्हणजे यूटीमध्ये ठेवा. वेळ नसलेला फोटो भिंतीवर शोभेल, अभ्यासाला उपयोगी पडणार नाही.

फोटो जोडणे

धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत सरकत असतो, म्हणून फोटो दोनदा जोडा: एकदा तारे स्थिर धरून, एकदा धूमकेतू. डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये हे जमते. पहिल्यावरून मागचे तारे ओळखता येतात, दुसऱ्यावर मोजमाप करायचे.

खरेच उद्रेक आहे का?

इथे घाई नको. धूमकेतूच्या अगदी मागे एखादा अंधुक तारा असला तरी धूमकेतूच उजळल्यासारखा वाटतो. त्याच जागेचा जुना आकाश-सर्वेक्षणातला फोटो अलादीन या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहा. मग आसपासच्या ताऱ्यांशी तुलना करून प्रत काढा, आणि मोजणीचे वर्तुळ, म्हणजे ज्याच्या आतला उजेड मोजायचा ते, दर रात्री तेवढ्याच आकाराचे ठेवा. मध्याभोवतीचे छोटे वर्तुळ उद्रेक सगळ्यात आधी पकडते. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. १२पी/पॉन्स-ब्रुक्स जुलै २०२३ मध्ये साधारण इतकाच उजळला होता.

आता वाचन

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हा. बिंदू पसरून तबकडी होते. तिची कडा रेखीव असेल, तर बहुतेक धूळ एकाच झटक्यात उडाली आहे. आता त्या तबकडीची त्रिज्या मोजा.

आकाशातले कोन विकलांमध्ये मोजतात; एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. पृथ्वीपासून एक खगोलीय एकक अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. समजा, धूमकेतू दोन एकक दूर आहे. तिथे एक विकला १,४५० किलोमीटरची. पहिल्या रात्री त्रिज्या ३० विकला होती, बरोबर ४८ तासांनी ९० भरली. वाढ ६० विकला, म्हणजे ८७,००० किलोमीटर. ४८ तासांच्या १,७२,८०० सेकंदांनी भागले की वेग येतो सेकंदाला अर्धा किलोमीटर. आणि दिवसाला ३० विकला वाढ असेल, तर त्रिज्या शून्य होती ती पहिल्या फोटोच्या २४ तास आधी. उद्रेकाचा क्षण कोणी पाहिलेला नसतानाही तुम्ही तो शोधून काढलात! तिसऱ्या रात्रीचा फोटो मिळाला तर हे उत्तर आणखी पक्के होते.

नंतर आकार पाहा. १२पीच्या उद्रेकात दोन शिंगे दिसली होती. अशा आकृतीवरून कळते की धूळ सगळ्या बाजूंना सारखी उडालेली नाही. सूर्य कोणत्या दिशेला आहे, ते फोटोवर बाणाने दाखवा. रंगही बोलतो: हिरवी झाक द्विकार्बन वायूची, पिवळसर पांढरा उजेड धुळीवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाचा.

कारणाबद्दल मात्र जपून बोला. अतिथंडीत बनलेले अस्फटिकी (रेणूंची नियमित रचना नसलेले) बर्फ तापून स्फटिकी होते, तेव्हा उष्णता आणि अडकलेला वायू बाहेर पडतो. कधी धूमकेतूवरचा उभा कडा कोसळतो, जसा जुलै २०१५ मध्ये ६७पी या धूमकेतूवर कोसळलेला रोझेटा यानाने टिपला. आपल्या फोटोतून केव्हा, किती आणि कोणत्या बाजूला एवढे कळते; कारण ठरवायला ते पुरेसे नाहीत.

मोजलेली प्रत, यूटी वेळ, उपकरण आणि मोजणीच्या वर्तुळाचा आकार कोब्स या धूमकेतू-नोंदींच्या संग्रहाला कळवा. पुढच्या आठवड्यांत धूमकेतू फिका वाटला तरी थांबू नका. धूळ पसरल्यामुळे तो फिकट दिसतो, एकूण उजेड बराच काळ फारसा कमी झालेला नसतो. होम्सचा धुळीचा गोल नोव्हेंबर २००७ मध्ये सूर्याहून मोठ्या व्यासाचा झाला होता. अशा वेळी दुर्बिणीच्या चौकटीत तो मावत नाही. तेव्हा ती बाजूला ठेवा आणि कॅमेऱ्याला कमी फोकल लांबीची लेन्स लावा.