पियानो शिकताय? मोठ्या संगीतकारांच्या गोष्टी ऐकून या चुका करू नका

पियानोचा क्लास लावला की महिन्याभरात माणूस यूट्यूबवर मोठ्या संगीतकारांच्या गोष्टी बघायला लागतोच. मोझार्ट पाचव्या वर्षी रचना करत होता, बीथोव्हेन ऐकू येईनासं झालं तरी लिहीत राहिला, पियानिस्ट लिस्टच्या मैफिलीत लोक अक्षरशः वेडे व्हायचे वगैरे. गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या बघून आपण डोक्यात काय घेतो? जीव तोडून प्रॅक्टिस, हात दुखला तरी चालेल, आणि होईल तेवढं फास्ट. गंमत अशी की हीच मंडळी पत्रांत किंवा शिष्यांशी बोलताना जे सांगून गेली ते याच्या बरोब्बर उलट आहे, आणि इतकं साधं आहे की त्याचं रील कुणी बनवत नाही. म्हणून आज त्यांच्या गोष्टी आणि आपल्या चुका एकत्रच घेऊ.

हात दुखतोय तरी रेटणं

ही चूक सगळ्यात महागात पडली ती जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानला. हा लाइपझिगला वकिली शिकायला गेला होता, पण मन सगळं पियानोत, शेवटी १८३० मध्ये कायदा सोडला आणि फ्रीडरिश वीक नावाच्या कडक मास्तरांच्या घरीच राहायला गेला. उजव्या हाताचं मधलं बोट मनासारखं चालेना म्हणून बोटांच्या व्यायामासाठी यंत्र वापरून बघितलं, वर तासन्‌तास घोटणं चालूच, आणि १८३२ पर्यंत ते बोट कामातून गेलं. त्यावर डॉक्टरांनी उपाय काय सांगावा, तर नुकत्याच कापलेल्या जनावराच्या पोटात हात घालून बसायचं! त्याने तेही केलं. आता बोट यंत्रामुळेच गेलं की आधीपासून काही आजार होता यावर अजून वाद आहेत, पण स्टेजवरचा पियानिस्ट व्हायचं राहिलं ते राहिलंच. पुढे तो संगीतकार झाला, त्याच मास्तरांच्या मुलीशी म्हणजे क्लाराशी, होणाऱ्या सासऱ्यांविरुद्ध कोर्टात जाऊन १८४० मध्ये लग्न केलं, आणि त्याच्या रचना लोकांपुढे वाजवून दाखवल्या त्या क्लाराने.

रशियन संगीतकार स्क्रियाबिनचंही तेच. हात लहान, मॉस्कोत शिकत असताना लिस्टची एक महाकठीण रचना घोटून घोटून उजवा हात दुखावून घेतला. त्यातून १८९४ मध्ये नुसत्या डाव्या हाताने वाजवायचं एक प्रेल्यूड आणि एक नॉक्टर्न अशा दोन छोट्या रचना निघाल्या, दोन्ही सुंदर आहेत, पण त्यासाठी आपण हात मोडून घ्यायची काही गरज नाही.

याउलट पियानिस्ट आणि संगीतकार शोपँ. पॅरिसमध्ये त्याचं पोट मुख्यतः शिकवण्यांवरच चालायचं, जाहीर कार्यक्रम आयुष्यभरात मिळून तीसएक. एक शिष्या रोज सहा तास वाजवते हे कळल्यावर तो भडकला आणि तीन तासांच्या वर वाजवायचं नाही असं बजावलं. मधेमधे पुस्तक वाच, फिरून ये, असंही सांगायचा. आणि हे शोपँच्या शिष्यांसाठी होतं हां, ऑफिसमधून येऊन अर्धा तास बसणाऱ्यांसाठी नव्हे.

मग दुखत असेल तर बघायचं काय? आधी बसणं. आपल्याकडे कीबोर्ड बेडवर ठेवून मांडी घालून वाजवणारी मुलं कितीतरी, नाहीतर डायनिंग टेबलावर कीबोर्ड आणि त्याच टेबलाची खुर्ची, मग खांदे कानाला लागतात. कोपर पट्ट्यांच्या लेव्हलला आलं पाहिजे, बस. मग मनगट बघा, ते पट्ट्यांच्या खाली लोंबतंय का किंवा काठीसारखं ताठ झालंय का. आणि मुख्य म्हणजे जोर. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम वजन पुरतं. पट्टी दाबली की आतली हातोडी उडून तारेवर आपटते आणि लगेच मागे येते, त्यानंतर पट्टी कितीही रेटून धरा, आवाजात काडीचाही फरक पडत नाही, फक्त तुमचा हात भरून येतो. सूर वाजला की बोट पट्टीवर नुसतं टेकलेलं ठेवायचं. एवढं एक सुधारलं तरी बऱ्याच जणांचं दुखणं जातं. मुंग्या येत असतील किंवा रात्रीसुद्धा ठणकत असेल तर मात्र सरळ डॉक्टर गाठा, यूट्यूब नको.

सोपं फास्ट, अवघड स्लो

ही चूक मी म्हणेन दहातल्या नऊ जणांची. बीथोव्हेनचं फ्युअर एलिझच घ्या. सुरुवातीचं ई, डी शार्प, ई, डी शार्प सगळ्यांना पाठ, ते जोरात सुटतात. मग मधला एफ मेजरचा भाग येतो, तिथे उजव्या हाताला एकदम बारीक बारीक सूर पळवायचे असतात, गाडी गचके खात निम्म्या स्पीडवर येते, आणि परत ओळखीची ओळ आली की पुन्हा सुसाट.

मोझार्टने १७७७ च्या ऑक्टोबरमध्ये आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात नेमकं हेच पकडलंय. तिथले पियानो बनवणारे श्टाइन यांची आठ वर्षांची मुलगी नानेट त्याच्यासमोर वाजवायला बसली. मोझार्टने तिला अजिबात सोडलं नाही: मधोमध न बसता उजवीकडे सरकून बसते, तोंडं वेडीवाकडी करते, एखादी जागा परत आली की ती आणखी हळू वाजवते आणि तिसऱ्यांदा आली की त्याहून हळू, आणि संगीतातली सगळ्यात गरजेची, सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे लय, ती हिला कधी जमणार नाही कारण लहानपणापासून लयीत न वाजवायचीच सवय लावून घेतलीय. आठ वर्षांच्या पोरीबद्दल हे! पण मुलगी पुढे पोचली कुठे बघा, लग्नानंतर नानेट श्ट्राइखर झाली, व्हिएन्नात पियानो बनवणाऱ्यांत तिचं मोठं नाव झालं, आणि बीथोव्हेनचं विस्कटलेलं घर सावरायलाही तीच मदत करायची.

दुसऱ्याच वर्षी जानेवारीत मोझार्टने मानहाइमहून लिहिलं की हळू वाजवण्यापेक्षा फास्ट वाजवणं सोपं, कारण फास्टमध्ये चार सूर गाळले तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

रशियन संगीतकार रॅकमनिनॉफचा किस्सा तर मला फार आवडतो. क्रांतीनंतर रशिया सोडावा लागला, अमेरिकेत घर चालवायचं म्हणून चाळिशी उलटल्यावर त्याने फुलटाइम मैफिली करायला सुरुवात केली, त्याआधी तो मुख्यतः संगीतकार आणि कंडक्टर. पंजा एवढा मोठा की लोक अजून त्याच्यावर बोलतात. एब्रम चेसिन्स नावाचा पियानिस्ट एकदा त्याच्याकडे गेला तर आतून इतक्या संथ चालीत काहीतरी ऐकू येत होतं की चेसिन्सला शोपँचं एट्यूड (सरावासाठीची रचना) ओळखायलाच वेळ लागला. जगातला एक नंबरचा पियानिस्ट, आणि घरी प्रॅक्टिस ही अशी.

उपाय सरळ आहे, जमायला जड आहे. पीसमधला सगळ्यात अवघड बार (नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) ज्या स्पीडला बिनचूक येतो तोच अख्ख्या पीसचा स्पीड, मग सुरुवात कितीही कंटाळवाणी वाटो. मेट्रोनोम म्हणजे टिकटिक करून लय दाखवणारं यंत्र लावा, फोनवर फुकट मिळतो. आणि बसलं की पहिल्या ओळीपासून सुरू करायची सवय मोडा, आज शेवटचे चार बार, उद्या त्याआधीचे चार. नाहीतर सुरुवात पक्की आणि शेवट कायम कच्चा, असं वर्षानुवर्षं चालतं.

चुकलं की पहिल्यापासून

घरोघरी दिसणारं दृश्य. मूल वाजवतंय, एक सूर चुकला, आई किचनमधून ओरडते "चुकलं, परत पहिल्यापासून!" आणि मूल निमूटपणे परत पहिल्यापासून. असं केल्याने चुकलेली जागा सुधारत नाहीच, उलट तिथे आलं की थांबायचं एवढंच हाताला पाठ होतं.

कार्ल चेर्नी माहितीये ना, ज्याची एक्सरसाइजची पुस्तकं क्लासमध्ये अजून मागे लागतात तो. हा लहानपणी बीथोव्हेनकडे शिकला, पुढे याने लिस्टला शिकवलं आणि तेही फुकट, आणि घरात मांजरीच मांजरी. बीथोव्हेनचा पुतण्या (त्याचंही नाव कार्लच) चेर्नीकडे शिकायला होता, तेव्हा काकांनी म्हणजे बीथोव्हेनने चेर्नीला लिहून कळवलं की बोटं नीट पडायला लागली, लयीत वाजवायला लागला, सूर बऱ्यापैकी बरोबर वाचायला लागला की मग छोट्या छोट्या चुकांसाठी त्याला मधेच थांबवू नका, पीस संपल्यावर सांगा. बीथोव्हेनसारखा तापट माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर आपणही थोडी कळ काढायला हरकत नाही. पीस संपला की चुकलेला एकच बार, त्याच्या आधीचा एक आणि नंतरचा एक, असे तीन घेऊन बसायचं.

पेटीवरून पियानोवर येणारे

आपल्याकडचा खास प्रॉब्लेम हा. पेटी वाजवलेली असली की पट्ट्या ओळखीच्या असतात, मोठा फायदा आहे, पण डावा हात भात्यावर असल्यामुळे तो वाजवायला कधी शिकलेलाच नसतो. शिवाय पेटीत आवाज लहानमोठा होतो तो हवेने, पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तोच. पियानोवर उलटं, पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावरच सगळं अवलंबून. म्हणून पेटीवाल्यांचं वाजवणं सुरुवातीला सपाट वाटतं, सगळे सूर एकाच आवाजात.

डाव्या हातासाठी जर्मन संगीतकार बाखच्या इन्व्हेन्शन्स बेस्ट, म्हणजे दोन आवाजांच्या (प्रत्येक हाताला स्वतःची चाल असलेल्या) छोट्या रचना. आधी मोठ्या मुलाच्या वहीत लिहून दिल्या, १७२३ मध्ये नीट कॉपी केल्या, आणि वर स्वच्छ लिहिलंय की दोन आवाज नीट वाजवायला आणि गाता गळा असल्यासारखं वाजवायला शिकण्यासाठी. तिथे डाव्या हाताला कॉर्ड (एकदम दाबलेले तीनचार सूर) धरून बसायची सोय नाही, उजव्याने जे म्हटलं ते डाव्यालाही म्हणावंच लागतं. (हा बाख बुवा वाटतो तसा सोवळा नव्हता हं. १७०५ मध्ये बुक्स्टेहुडं या नावाजलेल्या ऑर्गनवादकाचा ऑर्गन ऐकायला चारेकशे किलोमीटर चालत ल्यूबेकला गेला, रजा चार आठवड्यांची आणि आला चारेक महिन्यांनी. १७१७ मध्ये नोकरी सोडायचा हट्ट धरला म्हणून वायमारच्या ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीतही टाकलं होतं.)

आणि बोटांसाठी शोपँची ट्रिक, पेटीवाल्यांच्या भाषेत सांगतो. सगळे सी मेजरपासून म्हणजे पांढरी एकपासून सुरू करतात, नुसत्या पांढऱ्या पट्ट्या म्हणून. शोपँ म्हणायचा की हाताला तीच सगळ्यात अवघड स्केल. तो अंगठा पांढरी तीनवर ठेवायला सांगायचा, मग तीन बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर, आणि करंगळी पांढरी सातवर. करून बघा आत्ताच, टेबलावर नाही, पट्ट्यांवर. लांब बोटं काळ्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर पडतात, पंजा आपोआप गोल होतो. सगळी बोटं सारख्या ताकदीची करायच्या भानगडीतही तो पडायचा नाही, प्रत्येक बोटाचा आवाज वेगळा, तो वापरा म्हणायचा. शुमानला हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

शुमाननेही पुढे शहाणपणाचंच लिहिलं. मोठी मुलगी मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी छोटे छोटे पीस केले, त्यातून १८४८ मध्ये मुलांसाठीचा अल्बम झाला, तो आजही शिकवतात. मुलांसाठी त्याने नियमही लिहिले, त्यात म्हणतो की रोज तासन्‌तास नुसत्या बोटांच्या कसरती करणं म्हणजे एबीसी रोज आणखी फास्ट म्हणायचा प्रयत्न करण्यासारखं आहे.

पेडल दाबून ठेवणं

बीथोव्हेनचा मूनलाइट सोनाटा वाजवताना सूर एकमेकांत मिसळून सगळा चिखल होतो अशी तक्रार असते. (मूनलाइट हे नाव बीथोव्हेनचं नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर चिकटलं.) १८०१ च्या या पीसवर त्याने खरंच लिहिलंय की अख्खा पहिला भाग डॅम्पर (तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या) उचलून, म्हणजे पेडल न सोडता वाजवा. पण तेव्हाच्या पियानोचा सूर लवकर विरायचा, आजचा बराच वेळ घुमत राहतो. त्यामुळे खालचा बेसचा सूर बदलला की पेडल सोडायचा आणि सूर वाजल्याच्या क्षणभर नंतर परत दाबायचा. पाय हाताच्या बरोबर नाही, किंचित मागून. आधी नुसत्या डाव्या हाताने करून बघा.

"आता या वयात कुठे"

फ्रेंच संगीतकार एरिक सातीचं नाव नाही तरी जिम्नोपेदी क्रमांक १ तुम्ही ऐकलेलंच असतं, जाहिरातींत, रील्समध्ये, सगळीकडे. विक्षिप्त माणूस, पॅरिसबाहेर आर्क्युईला एका खोलीत राहायचा, तिथे कुणाला आत घेतलं नाही, १९२५ मध्ये तो गेल्यावर मित्र आत शिरले तर छत्र्यांचा ढीग आणि एकावर एक चढवलेले दोन पियानो. तरुणपणी पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत त्याच्यावर आळशी असा शिक्का बसला होता. आणि १९०५ मध्ये, जिम्नोपेदी लिहून सतराएक वर्षं झालेली असताना, एकोणचाळिसाव्या वर्षी हा माणूस स्कोला कॅन्टोरम या संगीतशाळेत पोरांच्या बरोबर बाकावर बसला, काउंटरपॉइंट (एकाच वेळी अनेक चाली गुंफायचं तंत्र) पहिल्यापासून शिकला आणि १९०८ मध्ये डिप्लोमा घेऊनच उठला.

मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांना मी हाच पीस सुचवतो, फ्युअर एलिझ नाही. इथे अडकायला होतं ते डाव्या हातात: पहिल्या बीटला खाली लांब एकच बेस सूर आणि लगेच दुसऱ्या बीटला वर कॉर्ड, मधे उडी. ती उडी बघून बघून मारली की मान वरखाली होत राहते आणि उजव्या हाताची चाल तुटते. चार दिवस उजवा हात बाजूला ठेवा, फक्त बेस आणि कॉर्ड, आणि हात उचलायच्या आधी नजर पुढच्या जागेवर न्यायची सवय करा. कॉर्डला पोचायला उशीर होत असेल तर स्पीड आणखी कमी, सातीने स्वतःच पीसवर संथ आणि दुःखी असं लिहून ठेवलंय, घाई कुणालाच नाहीये.