टर्मिनलमध्ये मराठी-कन्नड मोडतंय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फायलींत मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी असतं: वाचनालयाची पुस्तकयादी, सोसायटीचे सभासद. अशी फाइल टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, विम किंवा नॅनो या एडिटरात उघडली आणि अक्षरं मोडकी दिसली, की लोक फाइलच दुरुस्त करायला बसतात. मोडलेलं बहुतेकदा पडद्यावरच असतं, आतला मजकूर धड असतो. कारण कळेपर्यंत सेव्ह करू नका.

चौकोनी डबे दिसले तर फॉन्ट नाही. देवनागरी फॉन्टमध्ये कन्नड असेलच असं नाही, म्हणून मराठी ओळी सुरेख आणि कन्नड ओळींत नुसते डबे. लोहित कन्नड किंवा नोटो सॅन्स कन्नड टाका, विषय संपला. प्रश्नचिन्हं, किंवा टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक खिडक्या देणारा प्रोग्राम) अंडरस्कोर दिसले तर 'लोकॅल' (locale) कमांड चालवा; ती भाषेची सेटिंग दाखवते. उत्तरात यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची आजची पद्धत) नसेल तर दोष तिथं आहे.

विममध्ये डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए ओळीभर दिसतो, तेव्हा यूटीएफ-८ फाइल लॅटिन-१ (फक्त रोमन लिपीची जुनी पद्धत) समजून वाचली गेलीय. एक बाइट जरी खटकला तरी विम सगळी फाइल लॅटिन-१ धरतो. तो बाइट 'आठ-जी-आठ' (8g8) टाइप करून सापडतो. चालू सत्रात विमची 'एन्कोडिंग' ही सेटिंग बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

सगळ्यात नुकसान करते ती वेलांटी. 'निपाणी' म्हणजे ३ अक्षरं, ६ कोडपॉइंट (व्यंजन, वेलांटी, काना असे सुटे घटक), १८ बाइट. फायलीत पहिली वेलांटी 'न'च्या नंतरच असते. ती आधी दाखवणं टर्मिनलचं काम. कित्येक टर्मिनल ते करत नाहीत. कन्नडची ओत्तक्षरंही (जोडाक्षरात खाली लागणारी व्यंजनं) मग खाली न बसता शेजारी सांडतात, आणि एडिटर व टर्मिनल रकाने वेगवेगळे मोजत असल्याने कर्सर भलत्याच अक्षरावर उभा राहतो. कुणी वैतागून वेलांटी 'न'च्या आधी टाइप केली, तर इथे बरं दिसतं, पण फाइल खरोखर बिघडते: शोधात शब्द सापडत नाही, ब्राउझरमध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. त्यापेक्षा कॉन्सोल किंवा एमएलटर्म ही टर्मिनलं वापरून बघा. लांबलचक मजकुराला मी टर्मिनल सोडून हार्फबझवर (अक्षरं नीट जोडून मांडणारी लायब्ररी) चालणारा ग्राफिकल ईमॅक्स हा एडिटर घेईन. हार्फबझची सोय ईमॅक्सच्या आवृत्ती २७ पासून आहे.

'दुसऱ्या'मध्ये विम कधी कोनी कंसात २००डी दाखवतो. तो कचरा नव्हे, अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह आहे. पुसलंत तर 'दुसर्या' उरेल. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरून हाच शब्द त्या चिन्हाशिवाय लिहिता येतो. यादीत दोन्ही रूपं असली तर शोधात एकच सापडतं, म्हणून सगळीकडे नुक्त्याचं करून घ्या.

आणि मजकूर निव्वळ रोमन अक्षरं-विरामचिन्हांची खिचडी असेल, तर ती डीटीपीवाल्याकडची जुनी श्रीलिपी किंवा (कन्नडची) नुडी फाइल; त्यांत रोमन अक्षरांच्या जागी फॉन्ट भारतीय अक्षरं दाखवतो. तिथे लोकॅल-फॉन्ट काही चालत नाही, कन्व्हर्टरच लागतो. मराठी आणि कन्नड भाग वेगळे काढून बदला, आणि इंग्रजी नावांचा रकाना आधी बाजूला ठेवा, नाहीतर कन्व्हर्टर त्याचीही देवनागरी करून टाकतो.