सायकलिंगचं ध्येय आधी मोजा, मग ठरवा

फिटनेस क्लासच्या पहिल्या दिवशी वहीत ‘महिन्याभरात १०० किलोमीटरची राइड’ असं लिहू नका. आधी आठवडाभर नेहमीसारखी सायकल चालवा आणि शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा वेगात ३० मिनिटांत किती अंतर कापलं जातं, तेवढं टिपून ठेवा. तो तुमचा पाया. समजा ८ किलोमीटर झाले, तर पुढच्या आठवड्यात पावणेनऊ पुरे. दर आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम थोडं कमी, म्हणजे गुडघे कुरकुरत नाहीत. (सीटची उंचीही बघा, पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा.)

वजनाचा आकडा ध्येय म्हणून मला पटत नाही, तो आपल्या हातात नसतो. ‘आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येकी ४० मिनिटं’ हे मात्र असतं. पुण्यात राहत असाल तर सिंहगडाचा घाट लगेच नको. आधी खडकवासल्यापर्यंत जाऊन न थांबता परत येणं जमू दे. आणि क्लासमध्ये शेजारणीच्या सायकलीवरचा आकडा बघू नका, तिने रेझिस्टन्स (पेडल मारताना लागणारा जोर) किती ठेवलाय कुणास ठाऊक!