मेपलचा हंगाम तोंडावर: घरच्या सिरपसाठी भोकं किती पाडायची?

जानेवारी सरत आला की ओंटॅरिओ, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्सकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. मागच्या अंगणात मेपलची दोन-चार झाडं आहेत, सिरप (म्हणजे खोडाला भोक पाडून मिळणारा गोड रस आटवून केलेला पाक) घरी करता येईल का? येतं, आणि उत्तम येतं. त्यासाठी मळा लागत नाही, मोठी यंत्रंही लागत नाहीत. फक्त नवखी माणसं हौसेने जितकी झाडं दिसतील तितक्यांना भोकं पाडतात, आणि आपल्या चुलीची ताकद किती हे रस साचल्यावर बघतात. म्हणून आधी हिशेब करू, गिरमिट नंतर हातात घेऊ.

साखर-मेपल या जातीच्या झाडाच्या रसात साखर असते जेमतेम 2 टक्के. तयार सिरपमध्ये ती 66 टक्क्यांच्या वर जावी लागते. म्हणजे 1 लिटर सिरपला साधारण 40 लिटर रस, आणि त्यातलं 39 लिटर पाणी तुम्हाला वाफ करून उडवायचं आहे. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे पटकन उमगेल. तिथे काईलीत पडणारा उसाचा रस 18-20 ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने रसातल्या साखरेचे टक्के) असतो, इथला रस त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाच गोड. जळण त्याच प्रमाणात वाढतं. नेमका आकडा हवा असेल तर 86 ला रसाच्या ब्रिक्सने भागा. 2 ब्रिक्स असेल तर 43 पट रस लागतो, लाल मेपलचा दीड ब्रिक्सचा रस असेल तर तोच आकडा 57 वर जातो.

आता दुसरी बाजू. बादली लावलेल्या एका भोकातून हंगामभरात ढोबळमानाने 40 लिटर रस मिळतो, म्हणजे भोकामागे लिटरभर सिरप. पण हा रस रोज सारखा येत नाही. चार दिवस थेंब नाही, आणि पाचव्या दिवशी एकेका भोकातून 4 ते 8 लिटर. बाहेर विटा रचून केलेल्या चुलीवर हॉटेलवाले वापरतात तो स्टीलचा आयताकृती ट्रे ठेवला, तर चांगल्या जाळावर तासाला 4-5 लिटर पाणी उडतं. दहा भोकं पाडलीत तर एका चांगल्या दिवसाचा रस आटवायला एका ट्रेवर दहा-बारा तास उभं राहावं लागेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नोकरी सांभाळून हे जमत नाही. पहिल्या वर्षी तीन, फार तर चार भोकं. तीन-चार लिटर सिरप घरच्या माणसांना वर्षभर पुरतं, आणि शनिवार-रविवारी रस आटवून संपतो.

झाड कोणतं आणि भोक कुठे

पानं झडलेली असताना मेपल ओळखायचा तर फांद्या पाहा. मेपलला फांद्या आणि डोळे (नव्या पालवीच्या कळ्या) समोरासमोर, जोडीने येतात. ॲशच्या झाडालाही तसेच येतात, म्हणून डोळाही नीट बघायचा. साखर-मेपलचा डोळा बारीक, टोकदार, तपकिरी. लाल मेपलचा आखूड, बोथट आणि लालसर. रस दोन्हींचा चालतो, चंदेरी मेपल, नॉर्वे मेपल आणि मॅनिटोबा मेपलचाही चालतो, गोडी कमी-जास्त इतकंच. खरं तर हे काम शरद ऋतूत, पानं झाडावर असताना फीत बांधून करून ठेवावं. यंदा ते राहिलं असेल तर ज्या झाडाबद्दल खात्री आहे तेवढंच घ्या.

छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास किमान 25 ते 30 सेंटिमीटर हवा. त्याखालच्या झाडाला हात लावू नका. 45 सेंटिमीटरच्या पुढे दोन भोकं चालतील. त्याहून जास्त कितीही मोठ्या झाडाला नकोत. रस्त्याकडेचं झाड बहुधा नगरपालिकेचं असतं, ते घरासमोर आहे म्हणून आपलं होत नाही. किडीसाठी औषध टोचलेलं झाडही वर्ज्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर भागात 2008 मध्ये आशियाई लांब मिशांचा भुंगेरा सापडला आणि तिथल्या कितीतरी मेपलना कीटकनाशक दिलं गेलं. घर नव्याने घेतलं असेल तर आधीच्या मालकाला विचारून घ्या. याच भुंगेऱ्यापायी जळाऊ लाकूड लांबून आणायलाही अनेक ठिकाणी बंदी आहे, तेव्हा चुलीला लाकूड गावातलंच वापरा.

भोक पाडायची वेळ कॅलेंडर सांगत नाही. व्हरमाँटमध्ये पूर्वी मार्चच्या पहिल्या मंगळवारच्या गावसभेच्या सुमारास भोकं पाडायचा रिवाज होता, पण आता बरेच जण फेब्रुवारीतच सुरुवात करतात. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे तर त्याहूनही लवकर. पुढच्या दहा दिवसांचा अंदाज उघडा. रात्री पारा शून्याखाली, दिवसा 4-5 अंश सेल्सिअसच्या वर, असे दिवस ओळीने दिसले की निघा. हा चढ-उतार म्हणजेच पंप आहे. रात्री लाकडाच्या तंतूंमधली हवा आकसते, आत बर्फ धरतो आणि मुळांकडून पाणी वर ओढलं जातं. दिवसा ते वितळतं, हवा फुगते, आत दाब तयार होतो आणि भोकातून रस बाहेर ढकलला जातो. नुसती थंडी किंवा नुसती ऊब, दोन्ही वेळा बादली कोरडी. (महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो पाहून तिकडे मेपल लावावा का, असंही विचारणारे भेटतात. एखाद्या पहाटे गवतावर बर्फ धरणं वेगळं, आणि खोड आतून गोठून दुपारी सुटणं, तेही महिनाभर, हे वेगळं. नका लावू.)

गिरमिटाचं पातं 5/16 इंची, नवं आणि धारदार. बोथट पात्याने भोकाची कड फाटते आणि रस लवकर आटतो. कमरेच्या आसपासच्या उंचीवर, किंचित वरच्या दिशेने, 4 ते 5 सेंटिमीटर आत जा, म्हणजे रस आपोआप बाहेर वाहील. पात्याबरोबर येणारा भुसा हातात घेऊन बघा. पांढरा, मलईच्या रंगाचा आणि ओलसर असेल तर जागा बरोबर आहे. तपकिरी भुसा आला तर तिथलं लाकूड मेलेलं आहे, तिथून काही मिळायचं नाही. मागच्या वर्षीचं भोक दिसत असेल तर त्याच्या सरळ वर-खाली जाऊ नका, बाजूला निदान एक वीत सरका. दुपारची वेळ असेल तर पातं बाहेर काढता काढता भोकाच्या खालच्या कडेवर थेंब जमतो आणि सालीवरून ओघळू लागतो. तोटी हलक्या हातोडीने बसवा. ठोक्यांचा आवाज भरीव झाला की थांबा. त्यापुढे ठोकलंत तर लाकूड उभं चिरतं आणि रस तोटीऐवजी चिरेतून गळतो.

रस दुधासारखा सांभाळायचा

बादली खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकची किंवा स्टीलची घ्या, वर झाकण हवंच. जुन्या बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या बादल्या दिसतात देखण्या, पण त्यांच्या सांध्यांना दिलेल्या डागात (सोल्डरमध्ये) शिसं असू शकतं. फुलं लावायला ठीक.

रस पाण्यासारखा दिसतो म्हणून तो टिकतो असं नाही. रोज गोळा करा, गाळा आणि 4 अंशांखाली ठेवा. घराच्या सावलीच्या बाजूला बर्फात पुरलेली मोठी पिंपं चालतात. आठवड्याच्या आत आटवायचाच, दोन-तीन दिवसांत आटवला तर उत्तम. गढूळ झाला, आंबूस वास आला की फेकून द्या. सकाळी बादलीत वर बर्फाची चकती धरलेली असते, ती काढून टाकायला हरकत नाही. थोडी साखर जाते, पण पाणी त्याहून खूप जास्त जातं आणि जळण वाचतं.

आटवणं घराबाहेर. 39 लिटर पाण्याची वाफ स्वयंपाकघरात सोडलीत तर भिंती चिकट होतील, वॉलपेपर सुटेल, आणि एक्झॉस्ट पंख्याला ते झेपणार नाही. भांडं खोल नको, पसरट हवं. वाफ पृष्ठभागावरून निघते. ट्रेमध्ये रस दीड-दोन इंच ठेवा आणि जसजसा आटेल तसतसा नवा घालत राहा. गार रस एकदम ओतलात की उकळी बसते, म्हणून शेजारी एका पातेल्यात तो तापत ठेवावा. वर फेस येतो तो झाऱ्याने काढा. उतू जायला लागला तर लोण्याचा किंवा तुपाचा एक थेंब पुरतो, फेस लगेच खाली बसतो. सिरप कुणाला भेट देणार असाल तर दुधाची ॲलर्जी विचारून घ्या, नाहीतर तेलाचा थेंब वापरा. गुऱ्हाळात मळी काढायला भेंडीचा चीक घालतात, इथे त्याची काही गरज नाही.

रस सोनेरी झाला आणि तळाशी थोडाच उरला की ट्रे उतरवा आणि उरलेलं काम आत, गॅसवर, छोट्या पातेल्यात करा. खरी कसोटी इथेच आहे. 40 लिटरला दिवस गेलेला असतो आणि शेवटचा अर्धा लिटर जळायला पाच मिनिटं पुष्कळ होतात. फोन आला तर उचलू नका. मोठे, मोकळे फुगे जाऊन बारीक, दाट फुगे सगळ्या पातेल्यावर चढू लागतात, रंग मिनिटागणिक गडद होतो. सिरप होतं ते पाण्याच्या उकळबिंदूच्या 4 अंश सेल्सिअस वर (फॅरनहाइटमध्ये 7). समुद्रसपाटीला 104 अंश, पण उंची आणि त्या दिवसाचा हवेचा दाब यांनी हा आकडा हलतो, म्हणून आधी त्याच थर्मामीटरने साधं पाणी उकळून बघा आणि तिथून 4 मोजा. पळी बुडवून आडवी धरा. थेंब-थेंब गळत असेल तर अजून वेळ आहे, कडेला थेंब एकमेकांत मिसळून पडद्यासारखे लोंबू लागले की गॅस बंद. जास्त पातळ राहिलं तर महिन्याभरात बुरशी धरते, जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. दरवर्षी करायचं ठरवलंत तर हायड्रोमीटर (सिरपची घनता मोजणारी तरंगती नळी) घ्या, त्यासारखं खात्रीचं काही नाही.

सिरपमध्ये बारीक वाळूसारखा गाळ दिसेल. ते रसातलेच क्षार आहेत, अपायकारक नाहीत, पण दाताखाली येतात. गरम असतानाच लोकरी किंवा नमद्याच्या गाळणीतून गाळा, गार झालं की ते गाळणीतून उतरतच नाही. पंचा किंवा चहाची गाळणी चालत नाही. मग 82 ते 85 अंशांना निर्जंतुक बाटल्यांत भरा, झाकण लावून बाटली मिनिटभर आडवी करा म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. 88 च्या वर पुन्हा तापवलंत तर नवा गाळ तयार होतो. उघडलेली बाटली फ्रीजमध्येच ठेवा.

सुरुवातीच्या रसाचं सिरप फिकट आणि नाजूक चवीचं, शेवटचं काळपट आणि ठसठशीत. दुकानातही गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क अशी प्रत असते. ती रंगा-चवीची आहे, दर्जाची उतरंड नव्हे. काकवी खाऊन वाढलेल्यांना डार्कच आवडेल असा माझा अंदाज आहे. घावनाबरोबर तर तेच लागतं.

झाडाचे डोळे फुगून उकलू लागले की हंगाम संपला. त्यानंतरच्या रसाचं सिरप कुबट वासाचं होतं आणि कितीही आटवलं तरी तो वास जात नाही. रात्री गोठायच्या थांबल्या तरी तेच समजा. तोट्या काढा, भोकात लाकडाची खुंटी किंवा मेण काहीही कोंबू नका, झाड एक-दोन उन्हाळ्यांत स्वतःच ते बुजवतं. तोट्या आणि बादल्या कडक गरम पाण्याने धुऊन उन्हात कोरड्या करा आणि मगच शेडमध्ये ठेवा.