कॅल्क्युलसचे तास वाटण्याआधी

पदवीच्या पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवायचं असेल तर सिलॅबस नंतर उघडा, आधी गेल्या वर्षीची हजेरीवही काढा. दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे कागदावर ३० तास. त्यातून गणपती, युवा महोत्सव, इंटरनल आणि प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्यामुळे वाया गेलेला पहिला आठवडा वजा करा. जे हाती उरतं त्याचीच वाटणी करायची.

मग बारावीची पुस्तकं चाळा. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, अगदी डिफरन्शियल इक्वेशनसुद्धा तिथे होऊन गेलेलं असतं. सूत्रं पुन्हा घोटून घेऊ नका. पहिल्या तासाला फळ्यावर एवढंच विचारा: मॉड एक्सचं (म्हणजे चिन्ह काढून टाकलेल्या एक्सचं) शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह का नाही? सीईटी गाजवून आलेली पोरंही ‘सर, तिथे टोक आहे’ म्हणून थांबतात. डावीकडून उतार उणे १, उजवीकडून अधिक १, हे लिहून दाखवणारे किती, त्यावर लिमिटला ३ तास द्यायचे की ५ ते ठरवा. लोपिताल (०/० आलं की वरचं-खालचं डेरिव्हेटिव्ह घेऊन लिमिट काढायचा नियम) तोवर झाकून ठेवा. नाहीतर साइन एक्स भागिले एक्सलाही पोरं तोच लावतात, आणि ते लिमिट माहीत असल्याशिवाय साइनचं डेरिव्हेटिव्हच निघत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

रोल, मीन व्हॅल्यू आणि टेलर ही तिन्ही प्रमेयं सलग घ्या, मध्ये दिवाळी येऊ देऊ नका. बारावीपासून इंटिग्रेशनच्या उत्तरापुढे हात आपोआप ‘प्लस सी’ लिहितो; दोन उत्तरांत फरक फक्त कॉन्स्टंटचाच का, हे मीन व्हॅल्यूमुळे कळतं. इथे हात आखडू नका. तास कमी पडले तर रिडक्शन फॉर्म्युले (मोठ्या घाताचं इंटिग्रल पायरीपायरीने लहान करणारी सूत्रं) ट्युटोरियलला ढकला, खुशाल.

दुसऱ्या सत्राचा पेपर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी एक चहा घ्या आणि सीरीज (न संपणाऱ्या बेरजा) कोण घेणार ते लेखी ठरवा. एका वर्षी मी कन्व्हर्जन्स (अशी बेरीज एका आकड्यावर टेकते का, हा भाग) पुढच्यांवर सोडला, त्यांना वाटलं माझ्याकडून झालाय. परीक्षेत लॉग ३ काढायला पोरांनी लॉग (१ + एक्स) च्या सीरीजमध्ये बिनधास्त एक्स = २ घातलं: २ वजा २ अधिक ८/३ वजा ४ अधिक ३२/५... बेरीज कधी शून्य, कधी उणे, कधी ५ च्या वर. लॉग ३ (बेस ई) साधारण १.१. एकानेही पेन खाली ठेवलं नाही. तेव्हापासून इम्प्रॉपर इंटिग्रल (अनंतापर्यंत जाणारं) आणि सीरीज मी लागोपाठ ठेवतो: १ पासून अनंतापर्यंत १/एक्सचं इंटिग्रल फुटतं, कुठे टेकतच नाही, १/एक्स वर्गचं १ वर थांबतं, आणि पी-टेस्ट (१/एन घात पी ची सीरीज कधी टेकते ती कसोटी) तिथेच अर्धी होऊन जाते.

फिजिक्सवाल्यांना थर्मोडायनॅमिक्स कधी सुरू होतं ते विचारा. पार्शल डेरिव्हेटिव्ह (अनेक चलांपैकी एकच बदलून काढलेलं) त्यांना आपल्या आधी लागत असेल, तर २ तास उसने द्या. शेवटचे २ तास कोरे ठेवा आणि ते कोरे आहेत हे वर्गाला कळू देऊ नका.